धानपट्ट्यातले चित्रपट मंडळ : कामाच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने चित्रपट मंडळ सुरू करण्यास आज मंजुरी दिली. असेच काही करू पाहणाऱ्या दुसऱ्या वाचनालयांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे. खर्च, बिघाड आणि दाखवलेल्या चित्रपटाबद्दलचे मत असे तिन्ही एकाच वहीत राहील. मत माझे एकट्याचे आहे, मंडळाचे नाही, असे स्पष्ट लिहावे, अशी अध्यक्षांची सूचना होती. ती पाळली आहे.

सभागृह चाळीस फूट लांब आणि बावीस फूट रुंद आहे. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि भिंती गुळगुळीत प्लास्टरच्या. नागपूरच्या सीताबर्डीवरून ३,२०० ल्युमेन्सचा वापरलेला प्रोजेक्टर २४,००० रुपयांत आणला. जुना प्रोजेक्टर घेताना दिव्याचे किती तास जळून झाले आहेत, ते त्याच्या मेनूमध्ये उघडून पाहावे. दुकानदार तोंडी सांगतो तो आकडा आणि मेनूतला आकडा यांत बराच फरक होता आणि त्या फरकावर किंमत उतरली.

सर्वांत जास्त वेळ परवानगीत जाणार असे दिसते. घरी पाहण्यासाठी घेतलेली डीव्हीडी किंवा मोबाइलवरची वर्गणी गावासमोर खेळ करण्याची मुभा देत नाही. तिकीट लावले नाही तरी सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी लागते. पत्रे पाठवायला सुरुवात केली आहे.

वेळ सायंकाळी सहा ते साडेआठ ठरली. रानालगतच्या टोल्यांवरून (लहान वस्त्यांवरून) येणाऱ्या लोकांना वाघाच्या भीतीने उशिरा परतता येत नाही, त्यामुळे अडीच तासांहून मोठा चित्रपट आमच्या यादीतून आपोआप बाद होतो.

३ सप्टेंबर २०२४

तान्हा पोळा आटोपल्यावर पहिला खेळ : ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’.

पडद्यासाठी लोकसभा निवडणुकीतल्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू वापरली. हा उपाय बरेच जण सुचवतात. कोणी करू नये. चकाकीमुळे मधोमध प्रकाशाचा गोळा दिसतो आणि कडेला बसलेल्यांना चित्र फिके दिसते. शिवाय मागच्या खिडकीतून उजेड आला की छापील बाजू आरपार जाणवते. पहिली वीस मिनिटे दादासाहेब फाळक्यांच्या खांद्यामागे एका उमेदवाराचे जोडलेले हात दिसत होते. लोकांना ते फार आवडले.

परेश मोकाशी यांचा २००९ चा हा चित्रपट मी निवडला, कारण त्यात चित्रपट बनवण्याची मजुरी दिसते. वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून फाळक्यांनी जी फीत केली, तो प्रसंग आला तेव्हा सभागृहातली कुजबुज थांबली. धानाचे पऱ्हे (रोपे) टाकून रोज बांधीवर (धानाच्या शेतावर) चक्कर मारणाऱ्या माणसांना त्या प्रसंगात करमणुकीपलीकडचे काही दिसले असावे. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळत नाही आणि उपाहारगृहातला साळुंके उभा केला जातो, तिथे सर्वांत मोठा हशा झाला. इथल्या म्हाताऱ्यांनी नाटकात लुगडे नेसलेले पुरुष स्वतः पाहिलेले आहेत.

माझी तक्रार एवढीच आहे की चित्रपट कर्जाबद्दल फार आनंदी आहे. घरातले सामान विकले जाते, डोळ्यांवर संकट येते आणि तरीही चेहऱ्यावरचे हसू ढळत नाही. नंदू माधव ते इतके मनापासून करतात की आपण विश्वास ठेवतो. पण सावकाराचा तगादा ज्यांनी पाहिला आहे त्यांच्यामध्ये बसून पाहिल्यावर हा खेळकरपणा मला जरा सुखवस्तूंनाच परवडणारा वाटला.

२२ सप्टेंबर २०२४

फ्लेक्स काढला. समोरच्या भिंतीला पांढऱ्या मॅट डिस्टेंपरचे दोन हात मारले आणि चौकटीला काळी पट्टी ओढली. मजुरीसह १,४५० रुपये. चित्र लगेच सुधारले. ज्यांच्याकडे सपाट भिंत आहे त्यांनी पडदा विकत घेऊ नये.

चित्र सुधारले आणि आवाजाने दगा दिला. ‘श्वास’ लावला होता. संगीत भरपूर येत होते, मात्र माणसे बोलू लागली की दुसऱ्या खोलीतून बोलल्यासारखे वाटे. तशात मध्येच पाऊस आला आणि पत्र्यांच्या आवाजात सारेच बुडाले. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मागे वळून विचारले, “काहून जी, हे मुकं नाटक हाये का?” खेळ थांबवावा लागला.

दोष सापडायला आठवडा गेला. आधी स्पीकर बदलले, मग वायर बदलली, मग भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर उसना आणला. खरे कारण असे निघाले की फाइलमध्ये आवाजाचे सहा भाग असतात आणि संवाद मधल्या भागात असतात. आमचे यंत्र डाव्या-उजव्या दोनच वाहिन्या बाहेर काढत होते आणि मधली वाहिनी गिळत होते. प्लेअरच्या ध्वनीविषयक सेटिंगमध्ये ‘स्टिरिओ’ निवडताच संवाद जागेवर आले. खर्च शून्य. हे ज्याला माहीत नाही तो नवे स्पीकर विकत घेईल.

३० सप्टेंबर २०२४

‘श्वास’ पुन्हा, या वेळी पूर्ण.

संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला २००३ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारतातर्फे ऑस्करलाही तोच गेला, ही माहिती सुरुवातीला सांगितली. लोकांनी ती सभ्यपणे ऐकून घेतली. ज्या गोष्टीने त्यांना धरून ठेवले ती वेगळी होती : दवाखान्यातला बाक, केसपेपर, कोणत्या खिडकीशी जायचे याचा गोंधळ, आणि आपल्याला कळले नाही हे डॉक्टरला सांगण्याचा संकोच. पेशंट घेऊन नागपूरला किंवा सेवाग्रामला गेलेला नाही असा माणूस सभागृहात क्वचितच असेल. अरुण नलावडे यांचा आजोबा डॉक्टरांपुढे उभा राहतो तेव्हा पाठीतून जरासा वाकतो. ते वाकणे आमच्याकडे सर्वांना ओळखीचे आहे.

डोळ्याच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार, शस्त्रक्रिया लांबते, आणि तेवढ्या वेळात आजोबा त्याला शहर दाखवायला घेऊन निघून जातो. हा भाग भावनेला हात घालण्यासाठी रचला आहे असे मी पूर्वी म्हणत असे. आता माझे मत बदलले. संदीप कुलकर्णी यांचा डॉक्टर या पळण्यावर चिडतो, आणि त्याची चीड चित्रपटाने रास्त म्हणून दाखवली आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. आजोबाला शहाणा आणि डॉक्टरला यंत्र करून टाकण्याचा सोपा मार्ग इथे घेतलेला नाही. शहरातल्या फेरफटक्याचे संगीत मात्र आजही मला जास्त वाटते.

२० ऑक्टोबर २०२४

उकाड्यामुळे खेळ शाळेच्या मैदानावर घेतला. धान लोंबीवर आले असताना रात्री उघड्यावर दिवा लावणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यांच्या गावात कुणाला सांगावे लागू नये. तरी कुणीही अडवले नाही. दहा मिनिटांत तुडतुड्यांनी भिंत भरून गेली आणि प्रोजेक्टरच्या काचेवर थर बसला. प्रेक्षकांतले निम्मे लोक चित्रपट सोडून तुडतुडे हिरवे किती आणि तपकिरी किती हे पाहण्यासाठी पुढे आले, आणि उद्या कोणत्या बांधीत फवारणी करावी याची चर्चा तिथेच सुरू झाली. कृषी सहायकांच्या मते असा प्रकाश सापळा तालुक्यात दुसरा नव्हता. मग प्रोजेक्टरपासून दूर, मैदानाच्या टोकाला एक बल्ब लावला. बरेच किडे तिकडे गेले. प्रोजेक्टरची हवेची जाळी मात्र मेलेल्या किड्यांनी भरली होती, ती काढून साफ करावी लागली.

चित्रपट होता उमेश कुलकर्णी यांचा ‘वळू’. यातल्या वन अधिकाऱ्याचे आडनाव गड्डमवार आहे, हे कळताच मैदानात टाळ्या पडल्या. हे आडनाव आमच्याच बाजूचे. अतुल कुलकर्णी यांनी त्याचा सरकारी संयम छान धरला आहे. उधळलेल्या वळूला पकडण्यासाठी अख्खे गाव आपली हुशारी पणाला लावते, यातला विनोद मला पुण्याच्या सभागृहात निर्भेळ वाटला होता. इथे तसे झाले नाही. वन खात्याची गाडी, जाळे, बेशुद्धीचे इंजेक्शन, गावाची गर्दी आणि गर्दीला मागे सारणारे वनरक्षक हे दृश्य आमच्या भागाने वाघासाठी पाहिले आहे, आणि तेव्हा कुणी हसत नव्हते. चित्रपटाचा यात दोष नाही. वळू धोक्याचा आहे की गावाने त्याला धोकादायक ठरवले आहे, हा त्यातला मूळ प्रश्न आमच्याकडे उलट जास्त टोकदार झाला. डुरक्या पकडला गेल्यावर मागच्या बाजूला बसलेले गुराखी काही वेळ बोलले नाहीत.

गावातली माणसे चित्रपटात जरा जास्तच विक्षिप्त आहेत असे माझे मत आहे. प्रत्येकाला एक लकब देऊन उभे केले आहे. तालुक्याच्या बाजारात इतके रंगीत लोक एका दिवशी भेटत नाहीत.

१ डिसेंबर २०२४

‘सामना’ खरे तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला ठरला होता. विधानसभेची आचारसंहिता लागू होती आणि सत्ताधारी पुढाऱ्यावरचा चित्रपट मतदानाच्या तोंडावर सार्वजनिक जागी दाखवू नये, असा सल्ला मिळाला. २३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली आणि आज खेळ केला. जे वाचनालय निवडणुकीच्या वर्षात हा उपक्रम सुरू करेल त्याने तो काळ सरळ रिकामा सोडावा.

या मधल्या काळात सभागृहाचा घुमारा कमी केला. टाळी वाजवली की तिचे तीन-चार प्रतिध्वनी येत. राइस मिलमधून जुना बारदाना मागून आणला, धुतला, उन्हात वाळवला, आणि मागच्या भिंतीवर व दोन्ही बाजूंना सुतळीने दुहेरी टांगला. भिंत आणि बारदाना यांच्यात वीतभर पोकळी ठेवली की परिणाम वाढतो. ॲम्प्लिफायरचा बेस जवळजवळ बंद केला. एक मोठा स्पीकर पुढे ठेवण्याऐवजी दोन लहान स्पीकर (९,००० रुपये) बसलेल्या माणसाच्या डोक्याहून थोडे वर, सभागृहाच्या मध्यापर्यंत पुढे आणून लावले. डीजेच्या भिंतीची सवय झालेल्या तरुणांनी “आवाजात दम नाही” अशी तक्रार केली. पण शेवटच्या ओळीतल्या माणसाला प्रत्येक शब्द कळला. बारदान्याला धानाचा वास येतो आणि उंदीर येतात. मांजर पाळावे लागले.

‘सामना’बद्दल मला अधिक लिहायचे आहे. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, विजय तेंडुलकर यांची पटकथा, आणि १९७५ च्या बर्लिन महोत्सवात झालेली निवड हे सर्वज्ञात आहे. आमच्याकडे सहकारी साखर कारखाना नाही. राइस मिल, तेंदूपत्त्याचा ठेका आणि वाळूचा घाट आहे. त्यामुळे साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाचे साम्राज्य इथे अनोळखी वाटेल अशी मला धास्ती होती. ती खोटी ठरली, कारण निळू फुले त्या साम्राज्याचा पत्ता आवाजातून देतात. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या धान-जंगलाच्या पट्ट्याच्या, नाटकात खलनायक येण्याआधी वाद्ये वाजतात आणि तो आल्याबरोबर गर्जतो. आमचा प्रेक्षक त्या गर्जनेची वाट पाहत होता. हिंदुराव गर्जत नाही. तो गावात आलेल्या दारुड्या मास्तरला घरात ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, विचारपूस करतो. हळूहळू लोकांच्या ध्यानात आले की ज्याला ओरडण्याची गरजच नाही तो जास्त भयंकर आहे. सभागृहाचा घुमारा तसाच असता, तर हे खालच्या पट्टीतले बोलणे कुणालाच ऐकू आले नसते आणि चित्रपट संथ आहे असे आम्ही ठरवून टाकले असते. गावात पडलेले किती चित्रपट खरे तर स्पीकरमुळे पडले असतील, असा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

श्रीराम लागू यांच्या मास्तरबद्दल मात्र दुमत झाले. एका निवृत्त ग्रामसेवकांचे म्हणणे असे की दारू पिणारा माणूस सत्य विचारतो, ही सोय लेखकाने सत्ताधाऱ्याला करून दिली. त्याला वेडा ठरवणे सोपे जाते. मला ते पटत नाही. नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न गावात सर्वांनाच माहीत असतो. तो मोठ्याने विचारण्यासाठी गमावण्यासारखे काही न उरलेला माणूसच लागतो. चर्चा पावणेदहापर्यंत चालली, त्यामुळे टोल्यावरच्या लोकांना ट्रॅक्टरने सोडावे लागले.

१९ जानेवारी २०२५

खेळ बंद आहेत. दिवाळीनंतर या भागात मंडई (जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि नाटकांचा हंगाम असतो; वडसा म्हणजे देसाईगंज इथून कंपन्या निघतात आणि एकेका गावात रात्री दहाला चढलेला पडदा पहाटेपर्यंत उतरत नाही. ज्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ते याच रंगभूमीचे. तिच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. नाटकाच्या रात्री चित्रपट ठेवणाऱ्या मंडळाला रिकाम्या खुर्च्यांचे भाडे भरावे लागेल.

या रिकाम्या दिवसांत बचत गटाच्या महिलांसोबत मालिकांवर बोलणे झाले. मालिका सार्वजनिक दाखवता येत नाहीत, म्हणून केवळ मतांची नोंद करतो.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ संपून काही वर्षे झाली, तरी राधिकाचे नाव अजून निघते. अनिता दाते-केळकर यांनी तिला नागपूरकडची बोली दिली आणि नायिका आपल्या बाजूची बोलते याचे इथे अप्रूप होते. माझा आक्षेप असा की पहिल्या काळात ती बोली नवऱ्याला लाज वाटण्याचे कारण म्हणून वापरली गेली आणि पुढे ती यशस्वी झाल्यावर तीच बोली गोड ठरली. बोलणाऱ्या बाईचे मोल तिच्या उलाढालीवर ठरले. बचत गटाच्या सचिवताईंचा आक्षेप याहून नेमका होता. त्या स्वतः मसाला आणि हळद विकतात. त्यांच्या मते मसाल्याचा एवढा मोठा व्यवसाय उभा राहताना मिरचीचा भाव, गिरणीचे दळण, वजनातली तूट आणि उधारी कधीच दिसली नाही. मालिकेत काम हे नेहमी दोन प्रसंगांच्या मध्ये घडून जाते. मला वाटते, मराठी मालिकांवरची ही सर्वांत योग्य टीका आहे.

‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून सुमारे अकरा वर्षे चालली आणि तीन हजारांहून अधिक भागांपर्यंत गेली. रोहिणी हट्टंगडींसारखी अभिनेत्री असूनही तिचे कथानक मला आज सलग सांगता येत नाही, गटातल्या कुणालाही आले नाही. तरी त्या वेळेचा स्वयंपाक सर्वांना आठवतो.

ज्येष्ठांची आठवण १९८७-८८ च्या रामायणाची आहे. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडत. २०२० च्या टाळेबंदीत तेच भाग पुन्हा लागले, तेव्हा नातवंडांना ते संथ वाटले. मलाही वाटले, पण एक गोष्ट मान्य करावी लागते. त्यातले प्रत्येक वाक्य ऐकू येते. आजच्या मालिकेत संवादावर ढोल, ढोलावर वाऱ्याचा आवाज आणि चेहऱ्याचे तीनदा दर्शन असते.

‘पंचायत’ ही हिंदी वेब मालिका तरुणांनी मोबाइलवर पाहिली आहे, मीही पाहिली. महाराष्ट्रात पंचायतीत महिलांना निम्म्या जागा आहेत आणि सरपंचपती (सरपंच बाईचा कारभार पाहणारा नवरा) नावाचे अलिखित पद गावोगाव आहे. त्यामुळे मालिकेतल्या फुलेरा गावाचा कारभार आम्हाला परका नाही. पहिला हंगाम मला सर्वांत चांगला वाटतो. त्यात सौरदिवा कुणाच्या दारात लागावा एवढ्या प्रश्नावर एक भाग उभा राहतो, आणि शेवटी मंजू देवी राष्ट्रगीत पाठ करते, ते फार मोठे पाऊल आहे असा गाजावाजा न करता दाखवले आहे. तिसऱ्या हंगामापर्यंत मालिकेला स्वतःच्या लहानपणाची भीती वाटू लागली आणि गोळीबार आला. नीना गुप्ता आणि रघुवीर यादव यांच्यामुळे ती टिकते.

१६ फेब्रुवारी २०२५

‘कोर्ट’. खेळाआधी विजेचा प्रश्न सोडवला. वीज गेली की इन्व्हर्टर (बॅटरीसह २२,००० रुपये) चालू होई, पण मधल्या क्षणभरात प्रोजेक्टर बंद पडे आणि थंड होऊन पुन्हा सुरू व्हायला पाच-सात मिनिटे लागत. असे वारंवार झाले की दिव्याचे आयुष्य घटते. अनेक इन्व्हर्टरच्या मागे एक लहान कळ असते. ती ‘यूपीएस’कडे केली की बदल इतक्या झटपट होतो की प्रोजेक्टरला कळत नाही. दुकानदाराने सांगितले नव्हते, माहितीपुस्तिकेत होते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार नागपूरचे. २०२१ मध्ये करोनाने ते गेले. सभागृहात त्यांना चळवळीतून ओळखणारे एक-दोघे होते.

कॅमेरा दूर ठेवून हलवायचा नाही, हा ताम्हाण्यांचा निर्णय आमच्या प्रेक्षकांना अजिबात अवघड गेला नाही. नाटकाला सवयलेला माणूस चौकटीत कुठे पाहायचे ते स्वतः ठरवतो. अडचण इंग्रजीची झाली. खटल्यातले इंग्रजी बोलणे निघून जाई, आणि तळाची अक्षरे वाचण्याइतका वेग सर्वांना नाही. एकाने शेजाऱ्याला विचारले, वकील काय म्हणतो. शेजारी म्हणाला, आपल्या केसमध्येही कुठे कळते. प्रत्यक्ष तारखांना जाणाऱ्यांसाठी तो न कळणारा भाग चित्रपटाचाच भाग झाला होता.

माझ्या दृष्टीने चित्रपटाची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सरकारी वकील. गीतांजली कुलकर्णी यांनी रंगवलेली ही बाई लोकलने घरी जाते, मुलाला आणते, स्वयंपाक करते, आणि सकाळी त्याच हाताने एका म्हाताऱ्या शाहिराला तुरुंगात ठेवण्याची मागणी करते. तिला दुष्ट करून टाकले असते तर आपण सुटलो असतो. शेवटी न्यायाधीशांची सहल बरीच लांबते, यावर गावात नापसंती होती. ती मला चुकीची वाटत नाही, मुद्दा आधीच पोचलेला असतो.

९ मार्च २०२५

‘गाभ्रीचा पाऊस’ आणि ‘फँड्री’ एका महिन्यात दाखवले, दोन्हींची नोंद एकत्र करतो. तांत्रिक बिघाड नव्हता. खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांमुळे कोपरे रंगले, त्याची सफाई ६०० रुपये.

सतीश मनवर यांचा २००९ चा ‘गाभ्रीचा पाऊस’ कापसाच्या पट्ट्यातला आहे. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकाला भीती वाटते की आपला किसनाही तसे काही करेल. म्हणून ती त्याला गोडधोड करून घालते आणि पोराला त्याच्या पाळतीवर ठेवते. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांच्यात ही पाळत विनोदी होत जाते आणि भीतीही वाढत जाते. दुष्काळाचे आकडे न सांगता घरातला ताण सांगणारा दुसरा इतका नेमका चित्रपट मला माहीत नाही. आमच्या बायकांनी तो हसत पाहिला, यावर एका पाहुण्याने नाराजी दाखवली. मला ते हसू योग्य वाटले.

माझी तक्रार या चित्रपटावर नाही, नंतर पडलेल्या पायंड्यावर आहे. विदर्भ म्हटला की भेगाळलेली जमीन, फास आणि सावकार असेच चित्र येते. तलाव, रोवणा (धानाची लावणी), रान, पहाटेपर्यंतची नाटके आणि वाघाच्या सावटातली गुरे राखणी यांचा विदर्भ पडद्यावर जवळजवळ नाही. ‘झुंड’ने निदान नागपूरच्या झोपडपट्टीतली मुले त्यांच्या बोलीसकट आणली, पहिला अर्धा भाग त्यांच्यामुळे धावतो, उत्तरार्धात अमिताभ बच्चन यांचे कोर्टातले भाषण सुरू होते आणि मुले बाजूला पडतात. आमच्या रानासारखे रान मला ‘न्यूटन’मध्ये दिसले, आणि त्याचे चित्रीकरण छत्तीसगडमधल्या दल्ली राजहराच्या परिसरातले आहे.

‘फँड्री’त खालच्या मानलेल्या जातीतले एक कुटुंब डुकरामागे धावत असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे जागच्या जागी थांबतात. सभागृहातले काही लोक उठून उभे राहिले, काही बसून राहिले आणि बाकीचे एकमेकांकडे पाहू लागले. खेळानंतर यावर वाद झाला आणि तो जातीवर गेला. चित्रपटाच्या शेवटी त्या घरातला मुलगा दगड भिरकावतो, तो कुणाला मारला, हे मला विचारले गेले. दगड कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे बसलेल्यांकडे येतो, एवढे मी म्हणालो. त्यानंतर तीन सदस्यांनी वर्गणी परत मागितली, ती दिली. ‘फँड्री’चेच दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पाहिला, परंतु माझ्या मते ‘फँड्री’ अधिक कठोर आणि अधिक चांगला आहे, कारण त्यात गाण्यांनी दिलेली विश्रांती नाही.

११ मे २०२५

ब्रह्मपुरीचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, हे प्रोजेक्टर बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेले नसते. संध्याकाळी सहालाही पत्र्याखाली भट्टी होती आणि माजिद मजिदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ सुरू होऊन अर्धा तास होतो न होतो तोच यंत्राने तापमानाचा लाल दिवा लावून स्वतःला बंद केले. प्रोजेक्टर भिंतीतल्या कोनाड्यात होता. तिथे गरम हवा कोंडते. तो बाहेर लोखंडी स्टँडवर घेतला, मागून पंखा लावला, दिवा कमी विजेच्या पद्धतीवर ठेवला आणि खेळ साडेसातला सुरू करायचे ठरवले. उन्हाळ्यासाठी वाघाच्या वेळेचा नियम थोडा सैल केला, मात्र ट्रॅक्टरच्या डिझेलचा खर्च वाढला.

फारसी चित्रपट आणि तळाच्या अक्षरांची अडचण यावर उपाय म्हणून झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टिंग करणारे एक गृहस्थ माइकवर बसवले. त्यांनी आधी चित्रपट पाहून वहीत झाडीबोलीत संवाद लिहून आणले. पहिल्या प्रयत्नात ते फार बोलले, पात्रांच्या मनातलेही सांगू लागले. दुसऱ्या वेळी त्यांना सांगितले की गोष्टीतला मुलगा अली शर्यतीत धावत असताना गप्प राहायचे. बुटांच्या जोडीसाठी तिसरा क्रमांक हवा असलेला मुलगा चुकून पहिला येतो, या प्रसंगात ते खरोखर गप्प राहिले आणि सभागृहाने स्वतःच ओरडून “थांब, थांब” असे म्हटले. परदेशी चित्रपटांसाठी हीच पद्धत पुढे ठेवणार आहोत. मानधन ५०० रुपये ठरले.

हिशेब : प्रोजेक्टर २४,०००, भिंत १,४५०, स्पीकर ९,०००, इन्व्हर्टर आणि बॅटरी २२,०००, परवानग्यांचे शुल्क ११,०००, किरकोळ ३,३००. एकूण ७०,७५० रुपये. परवानगीचे शुल्क सारखे नसते. काही हक्कधारकांनी वाचनालय म्हणून काहीच घेतले नाही, काहींचे उत्तर यायला दोन महिने लागले. चित्रपट जाहीर करण्याआधी पत्र हातात असावे.

पुढच्या हंगामासाठी ‘देऊळ’ आणि ‘उंबरठा’ यांची पत्रे गेली आहेत. पावसाळ्यात यंत्रे लोखंडी कपाटात ठेवून सोबत चुन्याच्या पुरचुंड्या ठेवल्या आहेत. शेजारच्या गावांना प्रोजेक्टर आणि स्पीकर खेळापुरते नेता येतील. एक्स्टेंशन बोर्ड आणि बारदाना त्यांनी स्वतःचा आणावा.